नाव, कागद आणि जागा : आयर्लंडमधला पूर्वजांचा शोध



आजचा विषय पर्यटनाचा आहे असं वरून दिसेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने पर्यटनावर कशाला बोलावं, असंही काहींना वाटेल. पण थोडं थांबा. दरवर्षी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड इथून असंख्य लोक आयर्लंडला जातात. तिथले किल्ले, मठ, समुद्रकडे ते बघतातच. पण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या खिशात एक कागद असतो. त्यावर एक नाव असतं, पणजोबांचं किंवा खापरपणजीचं, आणि नशीब असेल तर एका गावाचं नाव. त्यांना ती जागा बघायची असते.

माझा प्रश्न असा आहे. जो माणूस मी कधी पाहिला नाही, ज्याची आठवण आता घरात कुणालाच नाही, तो ‘माझा’ आहे हे मला कळतं कसं? आणि कळलं, तर त्याच्या गावी जाऊन मला नेमकं काय मिळतं? हे दोन्ही प्रश्न ज्ञानाचे आहेत. पहिला प्रमाणांचा आहे, दुसरा नात्याचा.

एवढे लोक बाहेर का गेले?

आधी पार्श्वभूमी. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. मध्ये काय झालं? १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. आता पीक बुडणं वेगळं आणि दुष्काळ पडणं वेगळं. तिथली लहान कुळं धान्य पिकवायची, डुकरं पाळायची आणि ते विकून जमीनदाराचा खंड भरायची. स्वतःच्या पोटाला मात्र बटाटा. त्यामुळे बटाटा गेला तेव्हा धान्य देशात होतं, पण ते खंडाचं होतं, खाण्याचं नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून थोडी जास्तच देश सोडून गेली. हा ओघ पुढे कित्येक दशकं थांबला नाही. आज आयर्लंड बेटावर, उत्तर आणि दक्षिण मिळून, सुमारे ७० लाख लोक राहतात, आणि एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक आपलं मूळ आयरिश असल्याचं सांगतात. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आडनावात गाव की आडनावात माणूस?

आपल्याला हा शोध सोपा वाटतो, कारण आपल्या बऱ्याच आडनावांत गाव बसलेलं असतं. लिओ वराडकर यांचं उदाहरण घ्या. ते २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डिसेंबर २०१९ मध्ये ते पंतप्रधान असतानाच वराडला येऊन गेले. त्यांना गाव शोधावं लागलं नाही, ते आडनावातच लिहिलेलं होतं.

आयरिश आडनावाचं तसं नाही. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचे वंशज. म्हणजे आपल्याकडे आडनावात गाव, त्यांच्याकडे आडनावात माणूस. तो माणूसही बहुधा हजार वर्षांपूर्वीचा. त्यात भर म्हणजे इंग्रजी अमलात पुष्कळांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले, पुढे काहींनी परत लावले. त्यामुळे ‘आमचे पणजोबा पॅट्रिक मर्फी, काउंटी कॉर्कचे’ एवढ्या माहितीवर काहीच हाती लागत नाही. मर्फी हे तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, आणि पॅट्रिक हे नाव घरोघरी.

मग लागतं काय? टाउनलँड. हा शब्द नीट समजून घेऊ. आयर्लंडमध्ये काउंटी असते, तिच्या पोटात पॅरिश, आणि पॅरिशच्या पोटात टाउनलँड. नावात ‘टाउन’ असलं तरी ते शहर नव्हे. आपल्या वाडीइतका जमिनीचा तुकडा समजा, फक्त तो घरांवरून ओळखला जात नाही, जमिनीच्या हद्दीवरून ओळखला जातो. अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. एकाच नावाची टाउनलँड वेगवेगळ्या काउंटींत सापडतात. १८२४ पासून पुढे सुमारे वीस वर्षं ब्रिटिश लष्कराच्या सर्वेक्षण खात्याने सगळं बेट मोजलं आणि नकाशे काढले. त्या वेळी आयरिश नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिली गेली. ‘बाले’ म्हणजे वस्ती, त्याचं ‘बॅली’ झालं. ‘किल’ म्हणजे चर्च, ते कितीतरी नावांच्या सुरुवातीला बसलं. या नामांतरावर ब्रायन फ्रील यांचं १९८० चं ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक आहे. शोध घेणाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की अमेरिकेतल्या थडग्यावर कोरलेलं गावाचं नाव नकाशात तसंच्या तसं सापडेल याची खात्री नाही.

जळालेले कागद, उरलेले कागद

आता कागदांकडे येऊ. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. कित्येक शतकांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे मूळ तक्ते त्यात होते. पण सगळा दोष आगीचा नाही बरं का. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच, आकडेवारी काढून झाल्यावर, नष्ट करवले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले आणि त्यांचा लगदा झाला. त्यामुळे संपूर्ण देशाची हाताशी असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची, मग १९११ ची. या दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांना फुकट बघता येतील अशा इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

म्हणजे दुष्काळात गेलेल्या माणसाची नोंद ज्या कागदात असायला हवी, नेमका तोच कागद नाही. मग संशोधकांनी काय केलं? ज्या कामासाठी कागद केला होता ते काम बाजूला ठेवून तो वेगळ्या कामासाठी वाचला.

रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात कर बसवण्यासाठी सगळ्या मालमत्तांची यादी केली. तिला ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणतात. जमीन कोण कसतो, ती कुणाकडून घेतली, किती आहे, किमतीला किती. आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असा प्रकार. त्याआधीची, १८२० आणि ३० च्या दशकांतली, चर्चच्या दशांश कराची खातीही आहेत. कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यात नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा ‘याकोबुस’ होतो. सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी मात्र १८६४ पासूनच सुरू झाली.

एक गंमत सांगतो. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागलं. पण जन्माचा दाखला कुणाकडे असणार? मग लोक अर्ज करायचे, की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आमच्या आईवडिलांचं घर शोधा आणि माझं वय बघा. कारकून शोधायचे आणि अर्जावर उत्तर लिहायचे. पुढे १९२२ मध्ये मूळ तक्ते जळाले, पण ते अर्ज उरले. आज त्या दोन जनगणनांतल्या कितीतरी घरांची एवढीच खूण शिल्लक आहे. एखाद्या म्हातारीने चार शिलिंगांसाठी, पाच शिलिंगांसाठी केलेला अर्ज तिच्या संपूर्ण कुटुंबाचा पुरावा होऊन बसला.

‘तोच हा देवदत्त’

आता तत्त्वज्ञान. आपल्याकडे ओळख पटण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘तोच हा देवदत्त’. पूर्वी पाहिलेला देवदत्त आणि समोरचा माणूस एकच आहेत, हे ज्ञान. पण त्यासाठी देवदत्त पूर्वी पाहिलेला असावा लागतो. पणजोबांना तर आपण पाहिलेलंच नाही. म्हणून इथे प्रत्यभिज्ञा शक्यच नाही, इथे फक्त अनुमान. कागदातला पॅट्रिक आणि आपला पॅट्रिक एक आहेत, हे खुणांवरून काढायचं.

आणि अनुमान म्हटलं की हेत्वाभास आला. नैयायिकांनी सव्यभिचार नावाचा दोष सांगितला आहे. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणजे जी खूण साध्याला सोडूनही आढळते ती पुरावा होत नाही. नाव ही अशीच भटकी खूण. ‘अमुक नाव आहे, म्हणून तोच माणूस’ हे तापलेल्या गोळ्यात धूर शोधण्यासारखं आहे.

याचं खरं घडलेलं उदाहरण देतो. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांचं केंद्र सुरू झालं. तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती होती कॉर्कची ॲनी मूर नावाची मुलगी. दोन धाकट्या भावांना घेऊन ‘नेवाडा’ जहाजातून ती आली होती. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं, वर्तमानपत्रांत नाव आलं, आणि मग ती गर्दीत हरवली. पुढे कित्येक वर्षं असं मानलं गेलं, की ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली आणि तिथे अपघातात वारली. त्या टेक्ससच्या ॲनी मूरच्या वंशजांना समारंभांत मान मिळाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांचा तसाच समज होता. २००६ मध्ये वंशावळीच्या अभ्यासकांनी कागद तपासले, तेव्हा कळलं की टेक्ससची ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिने संसार केला, तिची काही मुलं लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवला गेला.

आता पाहा, चुकीच्या अनुमानाने काय झालं? एका कुटुंबाला चुकीची पूर्वज मिळाली, हे लहान नुकसान. मोठं नुकसान असं, की एक खरी बाई स्वतःच्याच गोष्टीतून बाहेर फेकली गेली. लोकांना आवडणारी गोष्ट पश्चिमेकडे जाणाऱ्या साहसी मुलीची होती. खरी गोष्ट अंधाऱ्या चाळीतल्या संसाराची होती. पूर्वजांच्या शोधात खरेपणाचा आग्रह का धरायचा? कारण मेलेल्या माणसाला ‘ती मी नव्हेच’ असं सांगता येत नाही. त्याच्या बाजूने फक्त आपली सावधगिरी उभी असते.

सावधगिरी म्हणजे काय करायचं? एका खुणेवर थांबायचं नाही. नाव, बायकोचं माहेरचं नाव, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, शेजारी, टाउनलँड, या सगळ्या खुणा एकाच माणसावर येऊन मिळाल्या तर अनुमान धरायचं. वयावर फार विसंबायचं नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढलेली माणसं दिसतात, आणि त्यात पेन्शनचाही हात आहे. आणि एलिस आयलंडवर कारकुनांनी आडनाव बदललं, ही घरोघरची कथाही खरी नाही. ते कारकून जहाज निघालं तिथे केलेल्या यादीवरूनच काम करायचे.

जागा काय सांगते?

कागद हे शब्दप्रमाण झालं, खुणा जुळवणं अनुमान झालं. मग प्रत्यक्ष कुठे आलं? ते प्रवासात येतं. पूर्वज दिसत नाही, पण त्याची परिस्थिती दिसते.

ग्रिफिथच्या यादीबरोबर नकाशेही आहेत. यादीतला क्रमांक नकाशावर शोधला की पणजोबा कसत होते ते शेत आजही दाखवता येतं. तिथे बहुधा काही नसतं. चार दगड, एक बांध, गायी चरताना. पण उभं राहिल्यावर कळतं की ‘तीन एकर’ म्हणजे किती, जमीन किती पाणथळ, चर्च किती लांब. हे वाचून कळत नाही.

मग ऐतिहासिक स्थळांचं काय? रॉसकॉमन काउंटीतलं स्ट्रोक्सटाउन बघा. जमीनदाराचा वाडा शाबूत आहे आणि तिथेच राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. नोकरचाकर मालकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून केलेलं भुयार त्या वाड्यात आहे. १८४७ मध्ये इथला मालक, मेजर डेनिस मॅहन, याच्या जहागिरीने हिशेब केला, की कुळांना गरीबखान्यात पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवणं स्वस्त. १,४९० माणसं कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक. त्यातल्या ‘व्हर्जिनियस’ या एका जहाजावर ४७६ पैकी १५८ माणसं वाटेतच मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅहनचा खून झाला. १९७९ मध्ये एका स्थानिक व्यावसायिकाने ही जहागीर विकत घेतली, तेव्हा वाड्यात दुष्काळाच्या काळातले कागद सापडले. कुळांनी काम आणि अन्न मागणारा अर्जही त्यात होता. ते कागद जपायचे म्हणून संग्रहालय उभं राहिलं. आज त्या १,४९० जणांच्या वाटेवर १६५ किलोमीटरचा पायी मार्ग आहे, आणि वाटेत ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांची ब्राँझची शिल्पं आहेत.

ज्याला आपल्या पणजोबांचं टाउनलँड सापडलंच नाही, त्याच्यासाठी अशी जागा फार मोलाची आहे. स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत दुष्काळातली हजारो माणसं नावाशिवाय पुरलेली आहेत. तिथे ‘माझा कोण’ हा प्रश्न विचारताच येत नाही. कोव्ह बंदरावर उभं राहिलं की ॲनी मूरसारख्या लाखो लोकांनी शेवटचा पाहिलेला किनारा दिसतो.

पण एक भेद ठेवा. न्यूग्रेंज ही थडग्याची टेकडी इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० ची, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला टेकतो त्या दिवसांत उगवतीचा किरण आतल्या खोलीत शिरतो. जरूर बघावी. मात्र ‘हा माझ्या पूर्वजांचा वारसा’ म्हणताना जरा थांबावं. तीन एकरांच्या कुळाने न्यूग्रेंज पाहिलंही नसेल. भव्य स्थळं राजांची आणि मठांची असतात. आपले बहुतेक पूर्वज, त्यांचे आणि आपलेही, भुयारातून जाणाऱ्यांतले.

बत्तिसांतला एक

मे २०११ मध्ये बराक ओबामा मनीगॉल नावाच्या जेमतेम तीनशे वस्तीच्या गावी गेले. त्यांच्या आईकडून खापरपणजोबांच्याही मागच्या पिढीतले फॉलमथ कर्नी १८५० मध्ये तिथून अमेरिकेला गेले होते. चर्चच्या वहीत कर्नी कुटुंबाच्या नोंदी सापडल्या. गाव आनंदलं, पुढे जवळच्या महामार्गावरच्या थांब्यालाही ओबामांचं नाव लागलं.

आता गणित करा. आईवडील दोन, आजीआजोबा चार, मग आठ, सोळा, बत्तीस. कर्नी त्या बत्तिसांतले एक. बाकीच्या एकतिसांचं काय? समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी १९९० मध्ये ‘एथ्निक ऑप्शन्स’ या पुस्तकात दाखवलं, की गोऱ्या अमेरिकन माणसाला आपल्या अनेक मुळांतलं एक निवडता येतं, नको तेव्हा बाजूलाही ठेवता येतं. कृष्णवर्णीयांना ही मोकळीक नसते, त्यांची ओळख समोरचा ठरवतो. म्हणजे ‘माझं मूळ’ हे सापडतं तितकंच निवडलंही जातं. निवडण्यात गैर नाही. पण निवडलंय याचं भान हवं.

चिठ्ठ्या

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : डीएनए चाचणीने हे सगळं सुटत नाही का? चाचणी सांगते की अमुक माणूस तुमचा दूरचा भाऊ आहे. कोणत्या पूर्वजाकडून, कोणत्या टाउनलँडमधून, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुन्हा कागदच. कागदाला आणखी एक साक्षीदार मिळाला, एवढं समजा.

दुसरी : हा सगळा पर्यटनाचा धंदा नाही का? धंदा आहेच. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळी सांभाळल्या गेल्या, त्यालाही दक्षिणा होतीच. पैसा आला म्हणून नोंद खोटी ठरत नाही. खोटी ठरते ती गिऱ्हाइकाला हवी तशी केली की. शिवाय काहींसाठी हा कायद्याचा प्रश्न आहे. आजीआजोबांपैकी एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला असेल, तर नोंदणी करून नागरिकत्व मिळू शकतं.

कुणाच्या परदेशातल्या सुनेला, जावयाला हा शोध घ्यायचा असेल, तर क्रम सांगून ठेवतो. आधी स्वतःच्या देशातले कागद संपवायचे : मृत्यूचे दाखले, चर्चमधले विवाह, थडग्यांवरचे लेख. त्यातून टाउनलँड काढायचं. मग घरबसल्या आयरिश जनगणना, पॅरिशच्या वह्या, ग्रिफिथ. उरलेल्यासाठी डब्लिनचं राष्ट्रीय ग्रंथालय, तिथे वंशावळीबद्दल मोफत सल्ला मिळतो. विमानाचं तिकीट त्यानंतर. उलट केलं तर सुट्टी वाचनालयात जाते आणि गाव बघायचं राहतं.

शेवटी नात्याबद्दल. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे जमवून पाठवले. त्याआधी काहीच वर्षं त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकलून चालत नेलं होतं, त्यात त्यांची हजारो माणसं मेली होती. कॉर्कजवळ मिडलटनला त्यांच्या आठवणीचं पोलादी पिसांचं शिल्प आहे. २०२० च्या साथीत नावाहो आणि होपी या मूळनिवासींसाठी मदत गोळा होत होती, तेव्हा आयर्लंडमधून भराभर पैसे आले, आणि पाठवणाऱ्यांनी चॉक्टॉंच्या त्या मदतीची आठवण सांगितली. यात रक्ताचं नातं कुठेच नाही. तरी १७३ वर्षांपूर्वीचं देणं कुणीतरी आपलं मानलं. पूर्वजांच्या गावी जाऊन आलेल्या माणसाला मी एवढंच विचारेन : तिथे तुम्हाला कोण सापडलं हे कळलं, आता त्यांच्यासारख्या परिस्थितीत आज कोण आहे, हे दिसायला लागलं का?

इथे थांबतो. उरलेल्या चिठ्ठ्या आता घेऊ.